डार्क नाइट ९० ते १००: प्लंज गेलं ते बरंच झालं

फायनल फँटसी १४ या ऑनलाइन गेमच्या डॉनट्रेल विस्तारात माझा डार्क नाइट (शत्रूचा मार अंगावर घेणारा टँक जॉब, म्हणजे पात्राचा पेशा) अखेर १०० व्या लेव्हलला पोचला. जुलै २०२४ मध्ये हा विस्तार आला तेव्हा टँकवाल्यांची एकच रड होती: प्लंज (शत्रूवर झेप घेऊन वार) काढलं, ब्लड वेपनचं वेगळं बटण डेलिरियमच्या बटणात मिसळलं, जॉबची पार मजा घालवली. माझं मत उलटं आहे, आणि ते जळगावात बसून खेळत असल्यामुळे आहे.

हिशोब बघा. भारतात या गेमचा सर्व्हर नाही, मी जपानवर खेळते. जीसीडी, म्हणजे दोन मुख्य वारांमधलं सक्तीचं अंतर, अडीच सेकंदांचा. प्रत्येक कृतीनंतर साधारण ०.६ सेकंद हात बांधलेले, वरून पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ. एक वेपनस्किल (मुख्य वार) आणि पाठोपाठ दोन ओजीसीडी (त्या अंतरात दाबायची जादा बटणं) म्हणजे १.८ सेकंद गेले. उरलेल्या ०.७ मध्ये तीन वेळचा पिंग बसवायचा. सकाळी बसतो. रात्री जेवणं उरकून अख्खी कॉलनी नेटवर आली की पिंग अडीचशे मिलिसेकंदांच्या वर जातो आणि दुसरं बटण पुढच्या वेपनस्किलला मागे ढकलतं. डार्क नाइटकडे अशी बटणं आधीच ढीगभर: एज ऑफ शॅडो, कार्व्ह अँड स्पिट, सॉल्टेड अर्थ, दोन शॅडोब्रिंगर. त्यात दोन प्लंज आणि वेगळं ब्लड वेपन होतं. टोकियोत राहणाऱ्याला त्यांचं दुःख असेल. मला दर दोन मिनिटांनी येणाऱ्या बर्स्टमध्ये (सगळे मोठे वार एकदम मारायची वेळ) श्वास घ्यायला जागा मिळाली.

प्लंजच्या जागी आलेलं शॅडोस्ट्राइड डॅमेज करत नाही, फक्त शत्रूपाशी नेतं. म्हणून ते बर्स्टच्या बटणांतून उचलून माउसच्या अंगठ्याशी ठेवलं. आता बॉसने दूर ढकललं तरच दाबायचं.

९६ ला डेलिरियमचे तीन वार स्कार्लेट डेलिरियम, कमअपन्स, टॉर्क्लीव्हर असे ओळीने येतात. दिसायला झकास, शिकायला काही नाही.

खरं शिकायला लागलं ते बचावात. ९२ ला शॅडो वॉल या बचावाच्या बटणाचं शॅडोड विजिल होतं: ३० ऐवजी ४० टक्के बचाव, शिवाय एचपी (जीव) निम्म्याखाली गेला की किंवा मुदत संपली की आपोआप हील. डार्क माइंड पूर्वी फक्त जादूच्या माराला चालायचं, त्यामुळे डंजनमध्ये (चार जणांच्या मोहिमेत) बरेच जण ते विसरूनच जायचे. आता शारीरिक मारही १० टक्के कमी करतं. म्हणून माझा क्रम असा बसलाय: पहिल्या मोठ्या पुलला (एकदम ओढून आणलेल्या शत्रूंच्या घोळक्याला) विजिल, दुसऱ्याला रॅम्पार्ट हे बचावाचं आणखी एक बटण आणि डार्क माइंड, आणि रॅम्पार्ट संपत आलं की आर्म्स लेंथ, कारण मारणाऱ्यांचा वेग त्याने मंदावतो. ९८ नंतर आसपासच्या शत्रूंचा मार कमी करणारं रिप्रायझल १५ सेकंद टिकतं, ते कुठेही खपतं.

ब्लॅकेस्ट नाइट हे ढालीचं बटण मात्र जसं होतं तसंच आहे, आणि या जॉबची सगळी अक्कल त्यातच आहे. ३००० एमपी (जादूची शक्ती) द्या, कमाल एचपीच्या २५ टक्क्यांची ढाल घ्या. ढाल पूर्ण फुटली तर एक एज किंवा फ्लड (घोळक्यावरचा तसाच वार) फुकट. नाही फुटली तर एमपी पाण्यात. घोळका जमवत पळतानाच ती लावायची, गर्दीत हमखास फुटते. शेवटचे एक-दोन उरले की हात आवरायचा. बर्स्टमध्येही ३००० खाली जायचं नाही, मग डॅमेज थोडं कमी झालं तरी चालेल. (आकडेवारीवाले इथे भांडतील. भांडू द्या.)

हा सगळा सराव मी ड्युटी सपोर्टमध्ये केला, म्हणजे माणसांऐवजी संगणकाने चालवलेले एनपीसी सोबती घेऊन. हे सोबती मारायला संथ, त्यामुळे पुल लांबतो आणि बचावाची साखळी किती टिकते ते नीट कळतं. दुसरा फायदा आपल्याकडचे लोक जाणतात: मधेच लाइट गेली तर तीन जिवंत माणसं शिव्या देत नाहीत. राउटर इन्व्हर्टरवर आहे, पीसी नाही.

मग धुळ्याच्या आमच्या हीलरला (जखमा भरणाऱ्या खेळाडूला) घेऊन वर्कोर झोर्मोर हे डंजन केलं. अर्ध्यात तो व्हॉइसवर म्हणाला, "ताई, तू मला कामच ठेवत नाहीस, मी जेवून येऊ का?" शेवभाजी केली होती म्हणे त्याच्या आईने. बॉसच्या आधी गेला आणि खरंच जेवून आला.

यापुढे ब्लॅक कॅट या बॉसची सॅव्हेज, म्हणजे अवघड, लढाई. तिथे टँक बदलाबदली आणि टँकबस्टरला (टँकवरच्या जबर वाराला) ढाल कुणावर टाकायची याचं वेळापत्रक लागेल. दुसरा टँक भुसावळचा, वॉरियर खेळतो, त्याची रात्रपाळी या आठवड्यात संपते.