आईचं दूध आणि आईचं रक्त

टोपलीत पाच पिल्लं होती, त्यातली दोन गेलेली. आदल्या दिवशी सकाळी मांजरी व्याली तेव्हा पाचही ठणठणीत होती, लगेच आचळांना लागली होती. मागच्या वेतातही असंच झालं होतं. "डॉक्टर, हिचं दूधच विषारी आहे. हिची नसबंदी करून टाका," पैदास करणाऱ्या बाई रडत म्हणाल्या.

तिसऱ्या पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या, त्यावर पिवळी झाक. पोट हलकेच चोळलं तर गडद तांबूस लघवी आली. शरीरात लाल पेशी फुटत असल्याची ती खूण. उरलेली दोघं मात्र मजेत एकमेकांवर चढत होती. आणि मांजरीची जात डेव्हन रेक्स. मी रक्तगटाची तपासणी लावली: आई बी, आजारी पिल्लू ए, दोन्ही धडधाकट पिल्लं बी.

मांजरांचे मुख्य रक्तगट ए, बी आणि क्वचित दिसणारा एबी. माणसांच्या रक्तगटांशी त्यांचा संबंध नाही. ते सीएमएएच या जनुकावर ठरतात; बी गटाशी जोडलेले त्यातले बदल 2007 मध्ये समोर आले. ए प्रभावी, म्हणून बी गटाला दोन्ही पालकांकडून बी यावा लागतो. म्हणजे पिल्लांचा बाप असलेल्या ए गटाच्या बोक्यात बी दडलेला होता, हे त्याला न पाहताच कळलं. नाहीतर बी गटाची पिल्लं झालीच नसती.

बी गटाच्या मांजरीच्या अंगात ए विरुद्धच्या जहाल अँटिबॉडी असतात, ए रक्ताशी कधीही संबंध आलेला नसला तरी. त्या चिकातून उतरतात. जन्मानंतर साधारण 16 तास पिल्लाचं आतडं अँटिबॉडी आत घेतं. एरवी त्यातूनच त्याला संरक्षण मिळतं. इथे ए गटाची पिल्लं जितकी जोमाने प्यायली, तितकी लवकर खचली.

आता दूध तोडून फारसं साधणार नव्हतं, रक्तच हवं होतं. ए गटाच्या पिल्लाला ए रक्त द्यावं असं वाटेल, पण त्याच्या अंगात शिरलेल्या अँटिबॉडींनी तेही फोडलं असतं. हवं होतं बी, आणि बी गटाची दाती समोरच बसली होती. मांजरीचं थोडं रक्त घेतलं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं, सलाइनने पुन्हा पुन्हा धुतलं. अँटिबॉडी असलेला द्रव निघून गेला, फक्त लाल पेशी उरल्या. पिल्लाची शीर मिळणं अवघड, म्हणून मांडीच्या हाडातल्या मगजात सुई घालून थेंबाथेंबाने त्या सोडल्या. संध्याकाळी हिरड्यांवर गुलाबी रंग आला आणि त्याने बाटली ओढायला सुरुवात केली. पुढे त्याच्या शेपटीचं टोक काळं पडून गळलं, या आजारातून वाचलेल्यांत तसं होतं. पण ते जगलं.

नसबंदीला मी नकार दिला. बी गट हा आजार नाही. 1960 साली इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात सापडलेल्या एका कुरळ्या पिल्लापासून ही जात सुरू झाली. तिचा पाया आधीच अरुंद, आणि बी गट तिच्यात बराच आहे. ब्रिटिश शॉर्टहेअरमध्येही तो आढळतो, सयामीजमध्ये जवळपास नाही. असल्या प्रत्येक मांजरीला पैदाशीतून काढलं तर पाया आणखी आकसेल आणि दुसरे दोष वर येतील. पर्शियन मांजरांच्या मूत्रपिंडातल्या गाठींचं वेगळं आहे. तिथे पीकेडी1 जनुकाची एकच सदोष प्रत पुरते, त्यामुळे असं मांजर पैदाशीला लावू नका, असं मी निक्षून सांगते.

इथे दोष जोडीत होता. बी गटाच्या मांजरीला बी गटाचाच बोका दाखवावा. ए दाखवला तर पहिले 24 तास पिल्लं आईपासून दूर ठेवून बाटलीवर किंवा ए गटाच्या व्यालेल्या मांजरीकडे पाजावीत, मग परत आणावीत. जन्मताच नाळेतलं रक्त तपासलं तर कुणाला दूर ठेवायचं तेही कळतं.

बाईंनी सगळं लिहून घेतलं. तो बोका आणखी काही घरच्या मांजरींना दाखवलेला होता, आणि त्यातली एक व्यायला आली होती. त्यांनी तिथूनच त्या घरी फोन लावला.