बांगडा वही: मालवण ते मंगळूर

किनाऱ्यावरच्या खानावळी बांगड्यावरून पारखून लिहायची माझी वही यंदा दक्षिणेकडे सरकली. गेल्या हंगामात देवगडला थांबलो होतो. यंदा मालवण, वेंगुर्ला, पणजी-मडगाव, कारवार आणि मंगळूर एवढं उरकलं. नवीन मंडळींसाठी नियम पुन्हा एकदा सांगतो. हॉटेल असो की खानावळ, पहिली ऑर्डर बांगड्याची. एक तळलेला, एक रश्शातला. सुरमई-पापलेट नंतर, तेही खिसा आणि पोट दोन्ही राजी असतील तर.

यावर दर वेळी कुणीतरी नाक मुरडतंच. अहो, सुरमई मलाही आवडते. पण जाड तुकडी, झणझणीत मसाला आणि वर रव्याचा कुरकुरीत थर एवढ्या भांडवलावर कुठलाही आचारी वेळ मारून नेतो. शिवाय ती बरेचदा चार दिवस समुद्रात राहिलेल्या ट्रॉलरमधून बर्फात बसून येते. बांगड्याचं तसं नाही. तेलकट मासा, लवकर उतरतो, आणि उतरला की साध्या मसाल्याखाली लपत नाही. ताटात आला की बोटाने काट्यावरचं मांस उचलून बघा. ताजा असेल तर लांबट पाकळ्या सुटतात आणि मधला काटा अख्खा, स्वच्छ निघतो. शिळ्याचा भुगा होतो.

एक गोष्ट मात्र चवीची नाही, तब्येतीची आहे. बांगडा, कुपा, तारली हे मासे पकडल्यावर नीट थंड ठेवले नाहीत तर त्यांत हिस्टामाइन तयार होतं आणि ते तळून किंवा उकळून जात नाही. खाताना ओठ-जीभ मिरमिरते, थोड्या वेळाने चेहरा लाल होतो, डोकं ठणकायला लागतं. मिरमिर जाणवली की पैसे गेले तरी ताट बाजूला सारायचं. आता गंमत अशी, की तिरफळ या कोकणी मसाल्याच्या फळानेही जीभ झिणझिणते, आणि आपल्याकडे बांगड्याच्या रश्शात तिरफळ हवंच. म्हणून मी तळलेला आधी चाखतो, रस्सा नंतर. तळलेल्यात तिरफळ नसतं, त्यामुळे घोळ होत नाही.

आता गावं.

मालवणला रेल्वे जात नाही. कुडाळला उतरून एसटी धरायची. तिथे किनाऱ्यावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो, त्यामुळे मी मुख्य जेवण रात्रीचं ठेवतो. दुपारी पर्यटकांच्या गाड्या उतरलेल्या असतात आणि सकाळी निवडून ठेवलेला माल संपवायची स्वयंपाकघराला घाई असते. 'चैतन्य'सारखी नावाजलेली ठिकाणं सगळ्यांना माहीत आहेत, त्यावर वेगळं काय लिहायचं? वहीतलं मालवणचं सर्वांत चांगलं पान मात्र एका घरगुती खानावळीचं आहे. सकाळी दहाच्या आत फोन करून किती माणसं ते सांगायचं, मगच चूल पेटते. काकींना विचारलं, "सुरमई आहे का?" तर म्हणाल्या, "सुरमय घेव नको. बांगडो आजचो आसा, रापणीचो." रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. त्यातला मासा तासा-दोन तासांत घरात येतो. स्वतःच्याच महाग थाळीवरून गिऱ्हाइकाला हटवणारी खानावळ दिसली की मी पुढचं काही विचारत नाही.

तो बांगडा आला तो असा: दोन्ही अंगांना तीन-तीन तिरक्या चिरा, चिरांमध्ये हळद, तिखट आणि आगळ (कोकमाचा रस) मुरलेलं, वरून तांदळाच्या पिठाचा हात इतका हलका की मधूनमधून निळसर कातडी दिसत होती. तव्यावर थोड्या खोबरेल तेलात भाजल्यासारखा तळलेला. शेपूट कुरकुरीत, पोटाकडचा भाग मऊ आणि रसरशीत. रस्सा नारळाचा, दाट, आणि तिरफळं अख्खी वर तरंगत होती. ती चावायची नसतात, बाजूला काढून ठेवायची, हे नव्याने येणाऱ्यांसाठी.

वेंगुर्ल्याचं लवकर सांगतो. बांगडा चांगला, पण सोलकढी भडक गुलाबी. आगळ आणि नारळाच्या दुधाची खरी सोलकढी फिकट गुलाबी, किंचित जांभळट दिसते आणि थोडा वेळ ठेवली की पाणी-दूध वेगळं व्हायला लागतं. लग्नातल्या सरबतासारखी भडक गुलाबी दिसली की दुसरी वाटी मागू नका.

गोव्यात दोन गोष्टींनी दमवलं. एक, रेशाद. चिरून लाल मसाला भरलेला बांगडा छानच लागतो, पण व्हिनेगर-मिरचीचा तो मसाला एवढा जोरकस असतो की माशाचं वय कळत नाही. वहीसाठी तो बाद. दोन, 'फिश थाळी' या नावाखाली काहीही येतं. पणजीत 'रिट्झ क्लासिक'ला दुपारी रांग असते आणि ती वाया जात नाही. कडी (माशाचा रस्सा), तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं सुकं, किसमूर असं भरगच्च ताट. किसमूर म्हणजे भाजलेला सुका जवळा, ओलं खोबरं, कांदा. ते मी आता थाळीचा दाखला म्हणून बघतो. नुकतंच कालवलेलं असेल तर जवळा दाताखाली कडकड वाजतो, सकाळचं असेल तर मऊ पडलेला. मडगावला एका छोट्या ठिकाणी बांगड्याची उडीद-मेथी मिळाली, आंबाडे घातलेली. मेथीचा कडवटपणा आणि आंबाड्याची आंबट धार या तेलकट माशाला अशी बसते की मालवणी रश्शाचा मी कट्टर असूनही त्या दिवशी भात दोनदा घेतला.

कारवारचं स्टेशन गावाबाहेर शिरवाडला आहे, रिक्षाचे पैसे धरूनच चला. चव गोव्याच्या बरीच जवळची. तिथे मुडदुशा जरूर घ्या. मुंबईकर तिलाच रेणवी म्हणतात आणि मंगळुरात 'काणे' मागावी लागते. नाजूक मासा, रव्यात तळलेलाच उत्तम.

मंगळूरला भाषा बदलते, ताट बदलतं. लाल उकडा भात, आणि बांगड्याची पुळिमुंची. चिंच आणि ब्याडगी मिरचीचा जाडसर लेप, नारळ जवळजवळ नाहीच. नारळाचा आधार नसल्याने मासा शिळा असेल तर तिथल्या तिथे पकडला जातो. 'गिरी मंजाज'ला दुपारी लवकर पोचा. जागा छोटी, गर्दी मोठी, आणि रवा फ्राय तव्यावरून थेट पानात. 'मच्छली'लाही हेच. बांगड्याला तिथे बंगुडे म्हणतात, सुरमईला अंजल. एवढे दोन शब्द आले तरी वेटरच्या चेहऱ्यावरचा भाव बदलतो आणि आत जाऊन विचारून येण्याची तसदी तो घेतो.

महामार्गावरच्या एका मोठ्या पाटीच्या हॉटेलात पापलेट 'साईझप्रमाणे' म्हणून सांगितलं आणि बिल बघून सोबतच्यांचे डोळे पांढरे झाले. 'साईझप्रमाणे' ऐकलं की मासा ताटात यायच्या आधी बघायला मागा आणि आकडा तोंडी ठरवा. थाळी घेताना एवढंच विचारा: रश्शात तुकडी असते का, की नुसता रस्सा? बऱ्याच ठिकाणी नुसताच असतो. आणि तळहातापेक्षा लहान पापलेट कुणी वाढत असेल तर घेऊ नका. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने पापलेटला राज्य मासा केलं. पिल्लंच खाल्ली तर पुढे नुसतं नावच उरायचं.

आता जरा स्पष्ट बोलतो. कुणी नुसतं "अमुक ठिकाणी मासे एक नंबर" असं सांगितलं की माझ्या वहीत ते जात नाही. महिना, वार आणि वेळ हवी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. त्या ६१ दिवसांत मेनूवर ताजी सुरमई असेल तर ती कुठल्या फ्रीझरमधून आली ते विचारायचं. तेव्हा सुका बांगडा, सोडे, खाडीतले मासे यांवर भर द्यावा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या ओहोटीत खाडी जास्त उघडी पडते तेव्हा तिसऱ्या भरपूर मिळतात. सोमवारी पुष्कळ घरांत मासे शिजत नाहीत, म्हणजे खप कमी आणि उरलेला माल मंगळवारी. गणपतीत घरगुती खानावळी बंद, हे तर कोकणात विचारायलाही नको.

पुढचा टप्पा उलट्या दिशेने, दापोली-हर्णै. हर्णैला होड्यांतून मासळी किनाऱ्यावर उतरते आणि तिथेच लिलाव लागतो. तिथे घेतलेले बांगडे जवळपास कुणी साफ करून, तळून देतं का, आणि मजुरी काय घेतात, हे मला हवंय. अलीकडे कुणी गेलं असेल तर वार आणि वेळेसकट सांगा. बरोबर येणार असाल तर शाकाहारी मित्र आणू नका. मागच्या खेपेला एकाने संपूर्ण प्रवास वरण-भातावर काढला आणि आम्हाला जेवताना अपराधी वाटत राहिलं.