जेल बरोबर न्यावीत का, आणि ठेवावीत कुठे?

रविवारच्या लांब पल्ल्याच्या सरावाला नव्याने येऊ लागलेली मंडळी माझ्या कमरेच्या पट्ट्याकडे बघून एक प्रश्न हमखास विचारतात. मुंबई मॅरेथॉनमध्ये वाटेत ठिकठिकाणी पाणी मिळते, पेडर रोडवर आणि शिवाजी पार्कला लोक हातावर संत्र्याच्या फोडी आणि चिक्की ठेवतात, मग जेलची, म्हणजे धावताना गिळायच्या दाट गोड पाकाची, पाकिटे स्वतःच्या अंगावर वागवत ४२ किलोमीटर धावायचे कशासाठी? त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो, की न्यायचीच असतील तर ती ठेवायची कुठे. तुम्ही विचारलंत म्हणून दोन्हींचे उत्तर एकदा सविस्तर लिहिते. माझ्या मते पहिल्यापेक्षा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, आणि त्याचाच विचार सर्वांत कमी केला जातो.

आधी हिशेब. धावण्याला लागणारी ऊर्जा ढोबळमानाने वजनाच्या दर किलोमागे आणि अंतराच्या दर किलोमीटरमागे एक किलोकॅलरी धरतात. ५५ किलो वजनाच्या व्यक्तीला पूर्ण मॅरेथॉनसाठी साधारण २३०० किलोकॅलरी लागतात. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठलेली कर्बोदके मात्र व्यवस्थित जेवूनखाऊन आलेल्या माणसाकडेही सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १६०० ते २००० किलोकॅलरीच असतात. उरलेली गरज चरबी भागवते आणि चरबीची ददात आपल्यापैकी कोणालाच नसते. पण तिच्यातून ऊर्जा मिळण्याचा वेग कमी असल्यामुळे ग्लायकोजेन संपत आले की पाय शिशासारखे जड होतात, आणि रक्तातली साखर उतरली की डोकेही चालेनासे होते. बहुतेकांच्या बाबतीत हे ३० ते ३५ किलोमीटरच्या दरम्यान घडते. १९२४ साली बोस्टन मॅरेथॉन पूर्ण केलेल्या काही धावपटूंचे रक्त डॉक्टरांनी तपासले, तेव्हा गलितगात्र होऊन पोचलेल्यांच्या रक्तातली साखर फार खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षी धावपटूंना आधी भरपूर कर्बोदके आणि शर्यतीत मध्येमध्ये गोड गोळ्या दिल्या गेल्या, तर साखरही टिकली आणि माणसेही धडधाकट पोचली. जेल म्हणजे त्या गोळीचेच चावावे न लागणारे रूप: माल्टोडेक्स्ट्रिन (पचून ग्लुकोज होणारी स्टार्चची पूड), बऱ्याचदा थोडे फ्रुक्टोज, पाणी, मीठ आणि स्वाद. एका पाकिटात साधारण २० ते २५ ग्रॅम कर्बोदके असतात.

आता वाटेत मिळणाऱ्या खाऊविषयी. मुंबईकर त्या सकाळी ज्या मायेने रस्त्यावर उभे राहतात त्याला तोड नाही, आणि मीही त्यांच्या हातची फोड कधी नाकारत नाही. पण एका जेलइतकी साखर मिळवायची तर जवळजवळ दोन अख्खी संत्री खावी लागतील. चिक्कीत शेंगदाण्याचे तेल असते, ती पचायला वेळ लागतो, आणि कोरड्या तोंडाने धावता धावता ती चावणे हा वेगळाच व्यायाम होतो. शिवाय खाऊ मिळतो तो देणारा जिथे उभा असेल तिथे. आपल्या पोटाला तो जेव्हा हवा असतो तेव्हा नव्हे. सी लिंकवर तर प्रेक्षकांना जाता येत नाही, तिथे पुढे-मागे केवळ धावणारेच असतात. काही स्पर्धांत आयोजक एखाद्या टेबलावर जेल ठेवतात, पण ते कोणते असेल आणि आपण पोचेपर्यंत उरेल का, याच्या भरवशावर शर्यत आखणे मला शहाणपणाचे वाटत नाही. घरच्या माणसाला ठरावीक वळणावर उभे करण्याची युक्तीही अनेक जण सुचवतात. वर्ल्ड अॅथलेटिक्स या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार धावपटूने खाद्यपेय सुरुवातीपासून स्वतःबरोबर आणलेले असावे किंवा अधिकृत केंद्रावरून घेतलेले असावे. आपल्यासारख्या हौशी गर्दीत यावरून सहसा कोणी अडवत नाही, परंतु पहाटेच्या बंद रस्त्यांतून ते माणूस त्या वळणावर पोचेल का, ही काळजी डोक्यात घेऊन धावावे लागते. अव्वल धावपटूंची गोष्ट निराळी. दर काही किलोमीटरवर त्यांच्या नावाची बाटली टेबलावर मांडलेली असते, आणि २०१८ साली बर्लिनमध्ये केनियाच्या एलियुड किपचोगेने २ तास १ मिनिट ३९ सेकंदांचा तेव्हाचा विश्वविक्रम केला तेव्हा बाटली त्याच्या हाती नेमकी जावी यासाठी झटणारा एक स्वयंसेवकच प्रसिद्ध होऊन गेला. आपल्यासाठी ते काम आपल्या कमरेलाच करावे लागते.

किती न्यावीत, याचे उत्तर लवकर देता येते. तासाभरापेक्षा जास्त चालणाऱ्या श्रमासाठी ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके हे सर्वसाधारण प्रमाण आहे. ग्लुकोज आतड्यातून ताशी ६० ग्रॅमच्या आसपासच शोषले जाते. फ्रुक्टोजचा मार्ग वेगळा असल्यामुळे दोन्हींचे मिश्रण घेऊन आणि पोटाला सवय लावून काही जण ९० ग्रॅमपर्यंत जातात. माझ्यासारख्या पाच तासांच्या आसपास पोचणाऱ्या व्यक्तीने पाऊण तासाने पहिले जेल आणि पुढे दर ४० मिनिटांनी एक असे धरले, तर सहा जेल आणि वाटेतले गोड पेय मिळून खालची मर्यादा गाठता येते. घट्ट जेलची सहा पाकिटे २०० ते २४० ग्रॅम भरतात. त्यातच आधीपासून पाणी मिसळलेली पातळ प्रकारची पाकिटे प्रत्येकी ६० मिलिलिटरची असतात आणि सहांचे वजन ४०० ग्रॅमच्या आसपास जाते. ती पोटाला सोपी पडतात हे खरे, पण ज्या शहरात पाणी मुबलक मिळते तिथे ते अंगावर कशाला वाहायचे?

आणि आता ठेवण्याची जागा. सगळी पाकिटे पोटावरच्या एका पिशवीत कोंबली तर कमरेला किल्ल्यांचा जुडगा लटकवल्याप्रमाणे प्रत्येक पावलाला आदळत राहतात. म्हणून मी खिशांची रुंद, ताणली जाणारी पट्टी वापरते, ती पोटावर न घालता कंबरेच्या हाडांवर घट्ट बसवते आणि पाकिटे दोन्ही बाजूंना वाटून ठेवते. पाकिटाच्या कडा दिसतात त्यापेक्षा धारदार असतात. मुंबईच्या दमट हवेत कपडे ओले झाले की ती चकचकीत कड दोन तासांत कातडी सोलते, त्यामुळे कडा बाहेरच्या बाजूला येतील अशीच ती सारायची आणि खालच्या त्वचेवर व्हॅसलिन लावायचे. शॉर्ट्सला मागे चेनचा खिसा असेल तर त्यात दोन मावतात. बायकांच्या शॉर्ट्स शिवणाऱ्यांना आमच्या खिशांविषयी एवढा आकस का असतो, हे कोडे मला उलगडलेले नाही. सेफ्टी पिनने पाकिटे कमरेच्या इलॅस्टिकला टोचण्याची जुनी रीत स्वस्त आहे आणि चालतेही. पिन वरच्या रिकाम्या, चिकटवलेल्या पट्टीतूनच गेली पाहिजे, आणि शॉर्ट्सची नाडी आवळलेली असावी, कारण सहा पाकिटांचा भार आणि घाम मिळून इलॅस्टिकला खाली ओढतात. बिब, म्हणजे धावपटूच्या क्रमांकाचा कागद, पोटावर टोचताना त्याच्याखाली जेलचा खिसा झाकला जात नाही ना, तेही आदल्या रात्रीच बघून घ्यावे.

जागा ठरवताना एकच कसोटी लावावी: बत्तिसाव्या किलोमीटरला, बोटे ओली आणि डोके जड असताना, न बघता हात तिथे जातो का? म्हणूनच कॅफिनचे जेल मी नेहमी डाव्या बाजूला ठेवते. शर्यत अंधारात सुरू होते आणि पाकिटावरची बारीक अक्षरे त्या वेळी कोणालाच वाचता येत नाहीत. नंतर उजाडले तरी चष्म्यावर घाम असतोच. ही सगळी मांडणी किमान दोन-तीन लांब धावांत, स्पर्धेचेच कपडे घालून तपासावी, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी प्रदर्शनात मिळालेला नवा पट्टा मोह आवरून घरीच ठेवावा.

जेल उघडायचे ते पाणी दिसू लागल्यावर. ओल्या बोटांनी ते फाटत नाही, म्हणून टोक दातांत धरून पाकीट बाजूला ओढायचे, दोन-तीन घोटांत संपवायचे आणि वर साधे पाणी प्यायचे. त्यावर गोड पेय घेतले तर पोटात साखर इतकी दाट होते की आतडे उलट शरीरातलेच पाणी ओढून घेते आणि मळमळ सुरू होते.

घरचे काही चालते का, असेही विचारतात. चालते. बिया काढून चिरलेला खजूर छोट्या पिशवीत भरून नेणारे माझ्या ओळखीचे आहेत. मोठ्या मऊ खजुरात एका जेलच्या जवळपास जाणारी साखर असते, फक्त तो चावावा लागतो आणि तंतू सोसणारे पोट लागते. काही जण सगळी जेल थोड्या पाण्यात मिसळून मऊ प्लास्टिकच्या छोट्या बाटलीत भरतात. त्यात फाडाफाडी वाचते, पण आपण किती घेतले याचा अंदाज चुकतो, म्हणून बाटलीवर मार्करने रेघा ओढाव्यात.

रिकाम्या पाकिटांसाठी एक खिसा वेगळा राखावा, म्हणजे ती रस्त्यावर पडत नाहीत आणि मागून येणाऱ्याच्या बुटाला चिकटत नाहीत. तळाशी राहिलेला पाक त्या खिशात झिरपतोच; तेव्हा घरी आल्यावर कितीही दमलेले असलात तरी पट्टा आधी कोमट पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर दुपारच्या झोपेतून उठेपर्यंत बॅगेपासून दारापर्यंत मुंग्यांची रांग लागलेली असते.