यंत्राला हवी तीच वेळ, चिलटांनाही

सर्व्हेच्या कामाला पहाट सगळ्यात चांगली. ऊन चढलं की जमिनीवरून गरम हवा उठते, दुर्बिणीतलं लक्ष्य थरथरायला लागतं आणि लांबच्या वाचनांचा भरवसा राहत नाही. म्हणून तळ्याच्या काठाची मोजणी निघाली तेव्हा आम्ही उजाडायच्या आत दलदलीच्या कडेला तिपाई रोवून तयार. वारा पडलेला, पाण्यावर तरंग नाही, आभाळ भरलेलं. टोटल स्टेशनला, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या आमच्या यंत्राला, याहून चांगली सकाळ मिळायची नाही. चिलटांनाही.

आधी दिसला तो थवा. मदतनीस प्रिझमची (ज्यावर यंत्राचा नेम धरतात त्या काचेची) काठी धरून उभा, आणि काठीच्या टोकावर पुरुषभर उंचीचा धुरकट खांब वरखाली होतोय. पोरगा घाबरला. पण ही चिलटं चावणारी नव्हेत. नर माद्यांची वाट बघत एखाद्या उठून दिसणाऱ्या वस्तूवर घिरट्या घालतात, मग ते झुडूप असो की माणसाचं डोकं. त्या सपाट दलदलीत सगळ्यात उंच वस्तू म्हणजे आमची काठी. नाकातोंडात जातात, एवढाच त्यांचा उपद्रव.

चावणारी जात वेगळी. ती जेमतेम 1 ते 3 मिलिमीटरची, आणि चावतात फक्त माद्या, अंड्यांसाठी रक्त लागतं म्हणून. डासासारखी बारीक सुई टोचत नाहीत. कातडी चक्क कापतात आणि वर आलेलं रक्त पितात. त्यामुळे आधी चटका, खाज मागाहून.

यंत्रामागच्या माणसाची यात पुरती पंचाईत होते. डोळा दुर्बिणीला, बोटं बारीक स्क्रूवर. कानामागे, केसांच्या कडेला, मोज्याच्या वर चटके बसतायत आणि हात उगारायची सोय नाही. तिपाईला धक्का लागला की यंत्र समतल दाखवणारा बुडबुडा सरकला; मग पुन्हा लेव्हल करा, मागच्या बिंदूवर पुन्हा नेम धरा. त्यात या माद्या माग काढतात श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा. श्वास किती वेळ रोखणार?

वॉकीटॉकीवर आवाज आला, ‘‘साहेब, लवकर घ्या ना, पापणीवर बसल्यात.’’

‘‘काठी हलवू नकोस रे.’’

‘‘काठी नाही हलत साहेब, मी हलतोय.’’

काठीवरचा बुडबुडा मध्यात ठेवून माणूस कसा हलतो, हे मला त्या दिवशी कळलं.

डोक्यावर ओढायच्या जाळ्या सामानात होत्या, पण डासांच्या मापाच्या. त्या भोकांतून चिलट सहज आत येतं, आणि एकदा आत आलं की बाहेर जायचं नाव घेत नाही. बारीक विणीची जाळी मिळाली असती तरी ती काठी धरणाऱ्याच्या कामाची. दुर्बिणीला डोळा लावताना जाळी मध्ये आली की सगळंच धूसर.

अंगाला लावायचं औषध होतं, डीटचं. त्याचा गुण येतो, पण ते प्लॅस्टिक आणि चष्म्यावरचा लेप खातं. म्हणून माझा दंडक असा, की तळव्याला औषध असेल तर कीपॅडला हात लावायचा नाही. हाताच्या पाठीने फासायचं. पिकारिडिनचं असतं तर ही कटकट नव्हती, ते प्लॅस्टिकला काही करत नाही. अर्थात कुठलंही औषध चावा टाळतं, डोळ्यांपुढची गर्दी हटवत नाही. आणि डोळ्यांच्या कडांना ते लावताही येत नाही.

मुख्य अभियंत्यांचा फोनवर एकच धोशा: ऊन यायच्या आत उरकून घ्या. मी यंत्र पेटीत घातलं. डोळे मिटत, मान झटकत घेतलेली वाचनं संध्याकाळी टेबलावर नडतात. त्यापेक्षा ऊन परवडलं. तिथून उघड्या उंचवट्यावर गेलो आणि वाऱ्याची वाट बघत बसलो. ताशी 10 किलोमीटरच्या वर वारा गेला की बहुतेक चिलटं उडायचं सोडून गवतात बसतात. सकाळ बरीच वर आल्यावर लव्हाळं हलायला लागलं आणि बघता बघता गर्दी ओसरली.

उन्हाची थरथर मग आलीच. तिच्यावर इलाज आहे. लांबच्या नेमाऐवजी मध्ये जास्तीची स्टेशनं (यंत्र मांडायच्या जागा) घेतली, दृष्टिरेषा जमिनीला घासून जाणार नाही हे पाहिलं, प्रत्येक बिंदू डाव्या-उजव्या दोन्ही फेसने, म्हणजे दुर्बीण उलटवून पुन्हा, घेऊन सरासरी काढली. पायपीट वाढली, दिवस मावळेपर्यंत काम पुरलं. पण ट्रॅव्हर्स, म्हणजे मोजलेल्या बिंदूंची साखळी, चुकीच्या मर्यादेत मिटला. चिलटांवर मात्र असा कुठलाच हिशेब चालत नाही.

दुसऱ्या दिवशी दोघांच्या मानेवर गांधी. थंड पाण्याची पट्टी आणि अॅलर्जीची गोळी यांनी खाज उतरली. झोप आणणारी गोळी मी कामावर असताना घेऊ देत नाही, ती रात्री.

सकाळचे तास रिकामे का, अशी मुख्य अभियंत्यांकडून विचारणा झालीच. मी फील्डबुकातला शेरा दाखवला: ‘वारा शून्य’. त्यांना वाटलं, वारा नाही म्हणजे उत्तमच. मग बाह्या वर करून हात दाखवले. उरलेल्या काठाचं वेळापत्रक आता मी वाऱ्याच्या अंदाजावर लावलंय. उघडी बाजू आधी, झाडांच्या आडोशाचा पट्टा जोराचा वारा असेल त्या दिवशी.