भूल उतरायच्या आत घेतलेला अभिप्राय

मार्चमध्ये माझी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, झाली. एक लहान पॉलिप (आतड्याच्या आतली गाठ) निघाला, तो तिथल्या तिथे काढला, रिपोर्टही चांगला आला. डॉक्टरांबद्दल तक्रार नाही. माझा राग आहे तो अभिप्रायाच्या फॉर्मवर.

रिकव्हरीत डोळे उघडले तेव्हा जीभ जड होती, हाताची सुई तशीच होती. सिस्टर टॅब घेऊन आल्या. "काकू, एवढं भरून द्या, मग डिस्चार्जचं सुरू करते." स्क्रीनवरची अक्षरं मला लागत नव्हती. म्हटलं, "उद्या घरून भरून पाठवते." तर म्हणाल्या, "उद्या नाही चालत काकू, आजच्या आज लागतं." शेवटी सिस्टरच प्रश्न वाचत गेल्या आणि मी मान हलवत गेले. रिसेप्शनवर नीट बोलले का, खोली स्वच्छ होती का, बिलिंगला वेळ लागला का. सगळीकडे पाचपैकी पाच.

मला मिडाझोलम हे गुंगीचं औषध दिलं होतं. त्याने गुंगी तर येतेच, शिवाय त्या वेळचं बरंचसं आठवतही नाही. म्हणून तर घरी सोडताना बजावतात, चोवीस तास गाडी चालवू नका, महत्त्वाच्या कागदावर सही करू नका. आणि माझं मत मात्र त्याच तासात घेतलं!

दुखलं का, हे कोणी विचारलंच नाही. आदल्या रात्री पोट साफ करायचं दोन लिटर औषध पिताना मला उलटी झाली. कागदावरच्या नंबरवर अकरा वाजता तीनदा फोन लावला, कोणी उचलला नाही. सकाळी आठपासून पावणेएकपर्यंत उपाशीपोटी बसून होते. माझ्या लेखी तपासणी म्हणजे हे सगळं, आणि यातलं एक अक्षर त्या फॉर्मवर नव्हतं.

(ते पोट साफ करायचं औषध फ्रिजमध्ये गार करून स्ट्रॉने प्या, बरंच सुसह्य होतं. सारखं जावं लागून आग होते, म्हणून व्हॅसलीन आधीच आणून ठेवा.)

माझी भाची इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिने सांगितलं की न्यूकॅसलला रुग्णांच्या मुलाखती घेऊन, त्यांना काय महत्त्वाचं वाटतं ते ऐकून 'एंडोप्रेम' नावाची प्रश्नावली केली आहे. तपासणीच्या आधीपासून नंतरपर्यंत सगळं त्यात येतं. तिथे तपासणी चालू असताना रुग्णाला किती त्रास झाला हे नर्सही एक ते पाच अशा मापाने नोंदवते, पण ते बघणाऱ्याचं माप. कॅनडात रेडेलमायर आणि कानमन या संशोधकांनी 1996 मध्ये कोलोनोस्कोपी चालू असतानाच रुग्णांना मिनिटामिनिटाला वेदना विचारली. नंतर लोकांच्या लक्षात राहिला तो सर्वांत कठीण क्षण आणि शेवटची काही मिनिटं. तपासणी किती वेळ चालली याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे कधी विचारता त्यावर उत्तर ठरतं. मग गुंगीतल्या बाईला विचारून काय कळणार?

तुम्ही या तपासणीला जाणार असाल, तर मधुमेहाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारून घ्या, आदल्या रात्री नाही. सोबत माणूस न्याच, आणि फॉर्म पुढे आला तर त्याला सांगू द्या की उद्या देतो.

मी तिसऱ्या दिवशी सगळं एका पानावर लिहिलं, रात्रीच्या फोनच्या वेळांसकट, आणि स्वतः काउंटरवर नेऊन दिलं. पोच घेतली आहे. सात आठवडे झाले, उत्तर नाही. सोमवारी पुन्हा जाणार आहे.