काउंटरवर लेन्स लावून बघायची नसते म्हणे

एकांकिकांचे फोटो काढणाऱ्याला फ्लॅश चालत नाही, प्रयोग सुरू असताना उठून फिरता येत नाही, आणि प्रकाशयोजना करणाऱ्या मंडळींना निळा अंधार भारी आवडतो. माझ्या सोनी ए७ थ्री कॅमेऱ्याबरोबर आलेली २८-७० मिलिमीटरची झूम किट लेन्स ७० ला नेली की एफ ५.६ वर येते (एफचा आकडा जितका मोठा, तितका आत येणारा प्रकाश कमी). भरत नाट्य मंदिरात पुढच्या रांगेत बसून सेकंदाच्या १/२०० शटरला चेहरा धरायचा, तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, १२८०० च्या घरात जायचा आणि नटाच्या गालावर रवा सांडल्यासारखा दिसायचा. एफ २.८ ला ५.६ च्या चौपट प्रकाश मिळतो, म्हणजे तोच फोटो ३२०० ला निघतो. त्यामुळे २.८ घ्यायची हे आधीच पक्कं होतं.

यादीही पटकन आटोपली. सोनीची २४-७० जीएम टू सुंदर आहे, पण हौशी माणसाने तिची किंमत विचारून गप्प बसावं. उरल्या दोन. सिग्मा २४-७० आर्टची पहिली आवृत्ती ८३० ग्रॅमची, टॅमरॉन २८-७५ जी२ ५४० ग्रॅमची. सिग्मा २४ पासून सुरू होते, टॅमरॉन २८ पासून. ऐकायला चार मिलिमीटर, पण दृश्यकोन ८४ अंशांवरून ७५ वर येतो. हे डोळ्याला लावून बघितल्याशिवाय कसं ठरवणार?

तर मी माझी बॉडी, म्हणजे बिनलेन्सचा कॅमेरा, घेऊन दुकानात गेलो. "दोन मिनिटं लावून बघतो."

"सील फोडता येत नाही सर."

"डेमो पीस असेल ना?"

"डेमो नाही. तुम्ही काय ते ठरवून या, आम्ही लगेच देतो."

ठरवण्यासाठीच आलोय, हे मी दोन वेगळ्या वाक्यांत सांगून पाहिलं. मग त्याने फोनवर एक व्हिडिओ लावून माझ्यासमोर धरला. म्हणजे घरी बसून जे बघून कंटाळलो होतो तेच, फक्त पार्किंगचे पैसे देऊन.

दुसऱ्या दुकानाने फोनवर "दोन्ही आहेत, या" म्हटलं. पोचलो तर टॅमरॉन "कालच गेली" आणि सिग्मा "गोडाऊनला". त्याऐवजी काउंटरवर २४-१०५ एफ ४ आली. "४ आणि २.८ मध्ये काय एवढं सर, आयएसओ वाढवा की!" अहो, आयएसओ वाढवायचा नाही म्हणूनच तर खिशात हात घालतोय. (फिरायला जाणाऱ्यांसाठी तो सल्ला वाईट नाही, दिवसाउजेडी एफ ४ भरपूर होते. पण समोरचा कशाचे फोटो काढतो हे आधी विचारावं की नाही?) नाही म्हटल्यावर आवाज खाली आला. "बिल नको असेल तर एक पीस आहे. वॉरंटी दुकानाची." दुकानाची वॉरंटी म्हणजे दुकानदार ओळख देईल तोवर. असा ग्रे माल, म्हणजे कंपनीच्या अधिकृत वाटेने न आलेला, घेऊच नका. पुढे दुरुस्तीची वेळ आली की कंपनीचं सेंटर पहिल्यांदा बिल मागतं.

मला राग याचा येतो की एवढ्या पैशांचा चष्मा कुणी न लावता घेणार नाही, आणि लेन्स मात्र डबा बघून घ्यायची! ऑनलाइन दुकानांनी धंदा बसवला म्हणून हेच लोक रडतात. वस्तू हातात द्यायची नसेल तर ग्राहकाने तुमच्याकडे यायचं कशासाठी?

शेवटी दोन्ही लेन्सा भाड्याने आणल्या, हे मी सगळ्यांना सांगेन. आधार आणि डिपॉझिट लागतं. परत देताना डिपॉझिटवरून वाद नको म्हणून घेतानाच काचेचे फोटो काढून ठेवा. रंगीत तालमीला दोन्ही आलटून पालटून लावल्या. मेकअपच्या खोलीत २४ ने जीव वाचवला, तिथे २८ ला मागे सरकायला भिंतच आडवी येते. पण रंगमंचासमोर मी क्वचितच ३५ च्या खाली गेलो, आणि सिग्मा लावली की बॉडीसकट दीड किलोच्या आसपास वजन अख्ख्या एकांकिकेभर डोळ्याला धरून ठेवायचं. मनगटाने टॅमरॉनला मत दिलं. तिला एएफ-एमएफचं (ऑटो की हाताने फोकस हे बदलायचं) बटण नाही, ते मात्र मला अजून खटकतं.

हे आधीच सांगायला हवं होतं: जुने फोटो लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेंग्थप्रमाणे (२८, ३५, ७० हे मिलिमीटरचे आकडे) गाळून बघा. आपण नक्की कुठे वावरतो ते तिथे दिसतं.

घेताना डबा काउंटरवरच उघडा. लेन्स, डबा, बिल आणि वॉरंटी कार्ड, चारही ठिकाणचा सिरीयल नंबर जुळवा. दुकानदार उसासे टाकेल, टाकू द्या. घरी आल्यावर भिंतीला वर्तमानपत्र चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीसमोर अगदी सरळ ठेवा आणि २.८ ला फोटो काढून चारही कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा पुसट आला तर आतली काच तिरकी बसल्याची शंका घ्या आणि बदलून मागायला उशीर करू नका. माझे चारही कोपरे सारखे आले तेव्हा कुठे जेवलो.

या दोन्ही लेन्सांमध्ये स्टॅबिलायझर (हात हलला तरी फोटो हलू न देणारी सोय) नाही, ते काम बॉडीने करायचं. जुनी, ती सोय नसलेली बॉडी असेल तर हे आधी बघा. आणि टॅमरॉनला फिल्टर ६७ चा लागतो, सिग्माला ८२ चा, त्या किमतीतही बराच फरक पडतो. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडाला लावायचं आडवा प्रकाश अडवणारं कडं, डब्यातच येतं. काउंटरवर वेगळं विकायला लागले तर डबा पुन्हा उघडून दाखवा.