बाटली घरात आली तेव्हा

२०२० च्या लॉकडाऊनआधी मी प्यायचो ते चारचौघांत, "बसूया का" म्हणून कुणाचातरी फोन आला की तेवढंच. किती प्यायचं हे मी ठरवतच नव्हतो हे मला तेव्हा कळलंच नव्हतं. बार बंद व्हायची वेळ, परत घरी जायचंय, सकाळी ऑफिस आहे, यातच ते ठरून जायचं. लॉकडाऊनमध्ये हे सगळं एकदम गेलं आणि बाटली घरात आली.

घरी पेग मोजून कोण भरतं? मी पाण्याच्या ग्लासात अंदाजाने ओतायचो. एकदा औषधाच्या मापाने मोजून बघितलं तर माझा एक पेग ९० एमएलचा निघाला, म्हणजे दोनच घेतले म्हणायचो तेव्हा पोटात ३० एमएलचे सहा गेलेले असायचे!! वेळही सरकत गेली, आधी नऊ, मग आठ, मग लॅपटॉप मिटला की लगेच. झोप लागावी म्हणून घ्यायचो, ती लागायचीही पटकन, पण दारू उतरायला लागली की तीन वाजता टक्क जाग यायची आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.

सगळ्यांचं असं झालं नाही. जे फक्त कंपनीसाठी प्यायचे त्यातल्या बऱ्याच जणांची आपोआप कमी झाली. वाढली ती जास्त करून आधीपासून जास्त पिणाऱ्यांची, आणि एकट्यांची. म्हणून सरासरी बघून काही कळत नाही. अमेरिकेत २०१९ च्या तुलनेत २०२० मध्ये दारूशी संबंधित मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी वाढले.

आणि याची दुसरी बाजू, जिच्याबद्दल फार कमी बोललं गेलं, ती म्हणजे दुकानं बंद झाल्यावर ज्यांची एकदम सुटली त्यांचं काय झालं. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक बंद केली तर फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. माझ्या एका मित्राचा साठा संपला आणि दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, दरदरून घाम, छातीत धडधड, त्याला वाटलं कोविडच झाला. रात्री घाबरून डॉक्टरांना फोन लावला तर त्यांनी तापाचं विचारायच्या आधी विचारलं, शेवटचं कधी प्यायलात? त्यांनी लगेच ॲडमिट व्हायला सांगितलं म्हणून तो वाचला.